मध्यंतरातली सही

शरदातील आमच्या वार्षिक मैफलीच्या मध्यंतरात गेल्या वर्षी जे घडले त्याची चर्चा अजून शमलेली नाही. जे सभासद त्या रात्री उपस्थित नव्हते त्यांच्यासाठी प्रसंग थोडक्यात सांगणे भाग आहे. पूर्वार्ध संपला, मंडळी पाय मोकळे करायला बाहेर आली, तेव्हा चहाच्या टेबलाभोवती पाच-सहा तरुण-तरुणी उभे असलेले दिसले. अंगात एकसारखे पांढरे सदरे, गळ्यात ओळखपत्रे, हातात मुले परीक्षेला नेतात तसली पॅडे. जगातील दारिद्र्य संपावे असे आपल्याला वाटते का, असे ते प्रत्येकाला अदबीने विचारीत होते. दारिद्र्य संपू नये असे म्हणणारा मनुष्य आमच्या संस्थेत तरी नाही. तेव्हा भराभर सह्या झाल्या. सहीपुढे भ्रमणध्वनी क्रमांकाचा रकाना होता, तोही भरला गेला.

सत्तरी ओलांडलेल्या एका सभासदांनी मात्र चष्मा चढवून कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि खिशातून पाकीट काढले. समोरची मुलगी गडबडली. "नहीं अंकल, पैसे नहीं चाहिए, सिर्फ़ आपका सपोर्ट चाहिए," ती म्हणाली. काकांनी पाकीट परत खिशात घातले, सही केली, आणि त्या मुलीने त्यांच्या शालीवर एक गोल स्टिकर चिकटवून दिला.

उत्तरार्धात मालकंसाची आलापी नुकती रंगू लागली होती, तोच सभागृहात एकामागून एक भ्रमणध्वनी किणकिणू लागले. ज्यांनी क्रमांक दिले होते त्यांना त्या संघटनेचे आभाराचे संदेश येऊन पोहोचत होते. गायकांनी डोळे उघडून एकदा सभागृहाकडे पाहिले आणि पुन्हा मिटले. त्या एका दृष्टिक्षेपाची लाज कार्यकारिणीला अजून वाटते, आणि ती वाटावी हे योग्यच आहे. परिणाम असा की, येत्या वार्षिक सभेपुढे एक ठराव यायचा आहे: संस्थेच्या कोणत्याही कार्यक्रमाच्या जागी कोणत्याही बाहेरील संघटनेच्या कार्यकर्त्यांना, कोणत्याही कारणासाठी, प्रवेश देऊ नये.

आम्ही या ठरावाच्या विरोधात आहोत. आणि त्या तरुणांनी जे केले त्याच्याही बाजूने आम्ही नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा संभवतात, असे आम्हाला गेले काही महिने विचारले जात आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

ठरावामागचा युक्तिवाद सर्वांना पाठ झाला आहे. संगीताची बैठक हे पवित्र स्थान आहे, तेथे रसिक स्वरांसाठी येतो, तेथे कोणी कोणाकडे काही मागू नये. ऐकायला हे भारदस्त वाटते. पण मराठी माणसाच्या तोंडी ते शोभत नाही, कारण आपल्या परंपरेत असे कधी नव्हते. नारदीय कीर्तनात पूर्वरंग होतो, उत्तररंग होतो आणि शेवटी आरतीचे ताट फिरते. ताटात काही न टाकता उठून जाणाऱ्याकडे शेजारचा माणूस कसा पाहतो, हे ज्यांनी लहानपणी वाड्याच्या चौकात कीर्तने ऐकली त्यांना सांगायला नको. गायन आणि मागणे यांची आपल्याकडे सोयरीक आहे. ती तोडायची तर आधी तसे स्पष्ट म्हणावे.

गाडगेबाबांचेच पाहा. दिवसा गावाचे रस्ते झाडायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. मनोरंजनाच्या दृष्टीने त्या कीर्तनाच्या तोडीचे काही त्या काळी खेडोपाडी नव्हते. माणसे पोट धरून हसत. पण हसता हसता बाबा श्रोत्याला अशा जागी आणून उभे करीत की जेथून रिकाम्या हाताने निघता येत नसे. दारू सोड, देवापुढे बोकड मारू नकोस, कर्ज काढून सण करू नकोस, शिवाशीव पाळू नकोस, पोराला शाळेत घाल. जो श्रीमंत असेल त्याने धर्मशाळेला पैसा द्यावा. त्या पैशातून पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली; स्वतःसाठी त्यांनी त्यात खोलीसुद्धा ठेवली नाही. कीर्तन हे पवित्र स्थान आहे, तेथे मागू नका, असे बाबांना सांगायला कोणी गेले असते तर त्याच्या हाती त्यांनी खराटा दिला असता.

पुढच्या काळातली उदाहरणेही कमी नाहीत. १९४३ साली बंगालमध्ये दुष्काळ पडला तेव्हा त्याच वर्षी मुंबईत स्थापन झालेल्या 'इप्टा'च्या कलावंतांनी गाणी-नाटके करून दुष्काळग्रस्तांसाठी मदत गोळा केली. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी प्रयोगांच्या आणि पुस्तकांच्या मिळकतीतून किती संस्थांना हात दिला याची यादी पुष्कळांना ठाऊक आहे; पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राची १९८६ सालची उभारणी हे त्यातले एक उदाहरण. आणि २००२ साली आनंदवनात 'स्वरानंदवन' हा वाद्यवृंद उभा राहिला. त्यात कुष्ठमुक्त, अंध, मूकबधिर, अपंग कलावंत स्वतः रंगमंचावर येतात. त्यांच्या वतीने दुसरा कोणी सदरा घालून येत नाही. तेथे श्रोता तिकीट काढतो, गाणे ऐकतो, आणि ज्याची त्याला दया करायची सवय होती तो माणूस त्याच्यासमोर सुरात गात असतो. यालाही आपण प्रवेश बंद करणार काय? ठरावाच्या शब्दांप्रमाणे तसाच अर्थ होतो.

एक गोष्ट येथे बोलून टाकू, कोणी रागावो. आमच्या घराण्यांना मागणाऱ्याची एवढी अडचण का वाटते, याचे कारण संगीतात नाही, इतिहासात आहे. शिंद्यांबरोबर आपण माळव्यात आलो त्याला अडीचशेहून अधिक वर्षे झाली. त्या वेळी आलो ते दिवाण म्हणून, कमाविसदार म्हणून, कारकून आणि उपाध्ये म्हणून. मागायला कोणी आले नव्हते. आलो ते वसूल करायला. रामचंद्रबाबा सुखटणकरांनी महाकालेश्वराच्या मंदिराची पुनर्बांधणी केली हे आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावेही. पण तो पैसा ज्या रयतेच्या शेतसाऱ्यातून आला तिचे नाव कोणत्याच शिलेवर नाही. दिलेल्या दानाची आपल्याला आठवण राहते, घेतलेल्या साऱ्याची राहत नाही. त्यामुळे दाराशी पॅड घेऊन उभे राहिलेले एक कॉलेजातले पोर आपल्याला उपद्रव वाटते.

इतके म्हटल्यावर त्या पोरांच्या बाजूला आम्ही जाऊन बसावे अशी अपेक्षा होईल. ते जमत नाही. मागितले म्हणून आमचा राग नाही. त्यांनी काहीच मागितले नाही, हा आमचा राग आहे. काकांनी पाकीट काढले होते. ते त्यांनी परत ठेवायला लावले. 'पैसे नकोत, फक्त पाठिंबा हवा' हे वाक्य ज्याने प्रथम शोधून काढले त्याने जगभरच्या सुखवस्तू माणसावर मोठेच उपकार केले आहेत.

हे वाक्य आले कोठून, हे पाहण्यासारखे आहे. मोठ्या संगीतसभांतून दारिद्र्याचा प्रश्न मांडण्याची आधुनिक रीत ज्या कार्यक्रमापासून मोजतात तो आपल्या मध्य प्रदेशाला परका नाही. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी मैफल झाली. ती घडवून आणली पंडित रविशंकरांनी, आपला शिष्य जॉर्ज हॅरिसन याला गळ घालून. त्यांच्या शेजारी सरोदवर अली अकबर खाँ होते, तबल्यावर अल्लारखाँ. म्हणजे मैहरच्या बाबा अल्लाउद्दीन खाँसाहेबांचा एक शिष्य आणि एक पुत्र. (वाद्ये जुळवून होताच श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला तो प्रसंग प्रसिद्ध आहे. श्रोत्यांची समज तेव्हाही यथातथाच होती.) पण त्या श्रोत्यांनी तिकिटे विकत घेतली होती आणि तिकिटांचे जवळजवळ अडीच लाख डॉलर 'युनिसेफ'कडे गेले. ध्वनिमुद्रिका आणि चित्रपट यांचे पैसे पुढे करांच्या भानगडीत कित्येक वर्षे अडकून पडले, हा भाग वेगळा. १३ जुलै १९८५ रोजी इथिओपियाच्या दुष्काळासाठी लंडन आणि फिलाडेल्फियात 'लाइव्ह एड' झाले. तेथेही उघडउघड पैसे मागितले गेले आणि कोट्यवधी डॉलर जमले.

वीस वर्षांनी सूर बदलला. २ जुलै २००५ रोजी जगातल्या अनेक शहरांत 'लाइव्ह एट' हा कार्यक्रम झाला तेव्हा त्याच बॉब गेल्डॉफने सांगितले की आता आम्हाला तुमचा पैसा नको, तुमचा आवाज हवा. चार दिवसांनी स्कॉटलंडमध्ये ग्लेनईगल्स येथे आठ श्रीमंत राष्ट्रांचे प्रमुख भेटायचे होते. त्यांच्यावर दडपण आणायचे होते. त्याच वर्षी 'यू टू' या आयरिश वाद्यवृंदाच्या दौऱ्यात बोनो भर कार्यक्रमात प्रेक्षकांना भ्रमणध्वनी बाहेर काढायला सांगून दारिद्र्यविरोधी मोहिमेला नावे कळवायला लावीत असे. आमच्या मालकंसात जे किणकिणले त्याचे मूळ हे असे दूरवर आहे.

आता न्यायाची बाजूही सांगितली पाहिजे. या दडपणाचा काहीच उपयोग झाला नाही असे म्हणणे खोटे ठरेल. त्या वर्षी सर्वांत गरीब अशा अठरा देशांचे सुमारे चाळीस अब्ज डॉलरचे कर्ज माफ करण्याचे ठरले, आणि ही माफी नुसती कागदावर राहिली नाही. मदत वाढवण्याचे जे दुसरे वचन दिले गेले ते मात्र २०१० ची मुदत आली तेव्हा पुरे झालेले नव्हते. या दोहोंतला फरक आम्हाला फार बोलका वाटतो. कर्जमाफीच्या मागे कित्येक वर्षे हिशेब मांडून बसलेले, कोणत्या देशाचे किती देणे हे तोंडपाठ असलेले कार्यकर्ते होते. सही तेथे शेवटी आली. जेथे सहीच सर्वप्रथम आली आणि सहीच शेवटची ठरली, तेथे वचन देणाऱ्याला ते मोडायला फारसे कष्ट पडले नाहीत.

त्यानंतर आकड्यांची हाव सुटली. ऑक्टोबर २००९ मध्ये दारिद्र्याविरुद्ध 'उभे राहा' म्हणून जगभर जो कार्यक्रम झाला त्यात १७ कोटींहून अधिक माणसे उभी राहिली असा गिनेस बुकाचा विक्रम नोंदला गेला. आपल्या देशातलीही पुष्कळ माणसे त्यात होती. उभे राहिल्यावर त्यांनी काय केले? आमचा तर्क असा की ती बसली.

आणि मग मुंबई. १९ नोव्हेंबर २०१६ रोजी वांद्रे-कुर्ला संकुलातील एमएमआरडीए मैदानावर 'ग्लोबल सिटिझन'चा महोत्सव झाला. कोल्डप्ले आणि जे-झी हे परदेशी कलावंत, आपल्याकडचे ए. आर. रहमान, शंकर-एहसान-लॉय, अरिजित सिंग. श्रोते सुमारे ऐंशी हजार. शिक्षण, स्त्री-पुरुष समानता आणि स्वच्छता हे विषय. काही तिकिटे विकतही होती, परंतु बहुसंख्य श्रोत्यांनी प्रवेश 'कमावला' होता: अर्जावर सही केली, मिस्ड कॉल दिला, संदेश पुढे पाठवला की गुण मिळत, आणि गुणांच्या बळावर सोडतीत नाव जाई. राज्य सरकारने करमणूक कर माफ केला, त्यावरून टीकाही झाली. पंतप्रधान दूरचित्रसंवादाने बोलले. नोटाबंदी जाहीर होऊन तेव्हा अकरा दिवस झाले होते. त्याच शहरात रोजंदारीवरची माणसे स्वतःचेच पैसे मिळावेत म्हणून बँकांच्या दारात रांगेत उभी होती. मैदानातल्या रांगेत आणि बँकेपुढच्या रांगेत दोन-चार किलोमीटरचेही अंतर नसेल.

या योजनेतली बारकाई पाहा. गाडगेबाबांच्या कीर्तनात गाणे आधी मिळे आणि मागणी नंतर येई. मागणी पुरी करायची तर स्वतःचे काही सोडावे लागे. येथे सही हीच तिकिटाची किंमत झाली. ज्याने गाणे ऐकायला मिळावे म्हणून दारिद्र्याविरुद्ध सही केली त्याला दारिद्र्याविरोधी चळवळीचा समर्थक म्हणायचे की गाण्याचा शौकीन? संघटनेच्या वहीत तो समर्थक म्हणून नोंदला जातो, आणि त्या वहीच्या जाडीवरून पुढच्या मंत्र्याशी, पुढच्या देणगीदाराशी बोलणी होतात. २०२५ च्या जानेवारीत तोच कोल्डप्ले नवी मुंबईत आणि अहमदाबादेत येऊन गेला. या खेपेला सही लागली नाही, नुसते पैसे लागले, आणि तिकिटांसाठी झुंबड काही कमी उडाली नाही. ज्यांनी २०१६ साली स्वच्छतेसाठी मिस्ड कॉल दिला त्यांच्यापैकी किती जणांना आज ती मागणी आठवत असेल? गाणी मात्र आठवत असतील.

आमचे एक स्नेही यावर म्हणतात की तुम्ही अकारण कठोर होता. तरुण पोरे आहेत, मोबाईलात डोके घालून बसण्यापेक्षा हे काय वाईट? सही आज, काम उद्या. पायरी तर चढू द्या. या म्हणण्यात तथ्य आहे आणि त्याचे उत्तर देणे सोपे नाही. शिवाय कागदावरच्या पाठिंब्याचा मोह आपल्या थोरांनाही चुकलेला नाही. विनोबांचेच उदाहरण घ्या. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत हरिजनांनी ऐंशी एकर जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर देऊ केली. तेथून पुढे तेरा-चौदा वर्षे विनोबा चालत होते. संध्याकाळी प्रार्थना, मग प्रवचन, मग मागणी: मला तुमच्या घरातला आणखी एक मुलगा समजा आणि माझा सहावा हिस्सा द्या. दानपत्रांवर सह्या व्हायच्या. चाळीस लाखांहून अधिक एकरांचे आकडे जाहीर झाले, आणि पुढे त्यातली जवळजवळ निम्मी जमीन वाटलीच गेली नाही. काही खडकाळ होती, काही वादातली, काही देणाऱ्याच्या मुलांनी परत कसायला घेतली. सभेच्या भारलेल्या वातावरणात झालेली सही दुसऱ्या दिवशी तलाठ्याच्या दप्तरापर्यंत जातेच असे नाही.

तरीही विनोबांचा दोष आणि या मोहिमेचा दोष एका जातीचा नाही. विनोबांनी जमीन मागितली. ती सगळी मिळाली नाही. मागणी खरी होती, म्हणून तिचे अपयशही मोजता आले. आकडा जाहीर झाला, वाटप झाले, उरलेली जमीन कोठे गेली असे विचारता आले. 'सपोर्ट' दिला की नाही, पुरला की नाही, परत घेतला की नाही, हे कशाने मोजणार? विनोबा १९६० साली इंदूरला मुक्कामाला होते त्या सुमारास आपल्याकडच्या काही घरांत सर्वोदयपात्र ठेवले गेले होते. रोज घरातल्या लहान मुलाने त्यात मूठभर धान्य टाकायचे. मूठ लहान, पण ती रोजची, आणि घरच्या कोठीतली. त्या मुलांपैकी काही आज आमचे ज्येष्ठ सभासद आहेत. पाकीट काढणारे काका त्यांतलेच निघाले तर आम्हाला नवल वाटणार नाही.

आता सर्वांत अवघड गोष्ट. त्या रात्री सतरंज्या अंथरणारी चार माणसे होती, चहा देणारा एक बारा-तेरा वर्षांचा मुलगा होता, मंडपवाल्याची दोन पोरे विजेच्या तारा सांभाळत दाराशी उभी होती. पॅड घेतलेले तरुण त्यांच्यापुढून दहा वेळा गेले. जगातले दारिद्र्य संपावे का, हे त्यांना कोणी विचारले नाही. आम्हीही विचारले नाही. सतरंज्या अंथरणाऱ्यांना त्या रात्रीचे काय मिळाले हे आम्ही नंतर चौकशी करून समजून घेतले. कायद्याने ठरवलेल्या किमान वेतनापेक्षा ते कमी होते, आणि ते देणारी आमचीच संस्था होती. कार्यकारिणीला दोष देण्याचा आमचा हेतू नाही; रक्कम कंत्राटदाराकडे जाते, पुढचे आपण पाहत नाही, आणि आपण पाहत नाही याचा आपल्याला त्रास होत नाही. चहावाल्या मुलाचे वय तर कोणालाच विचारावेसे वाटले नाही. आपल्यापैकी कित्येकांनी त्याच्या हातून दुसरा कप मागून घेतला.

रंगमंचावरची स्थितीही तपासण्यासारखी आहे. मुख्य कलावंताचे मानधन ठरवताना आपण चार बैठका घेतो. तानपुऱ्यावर बसणाऱ्या मुलीला, सारंगीच्या साथीदाराला काय मिळते हे कोणालाच माहीत नसते. विठाबाई नारायणगावकरांची आठवण येथे टाळता येत नाही. दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेल्या या तमाशासम्राज्ञीचे २००२ च्या जानेवारीत निधन झाले तेव्हा रुग्णालयाचा खर्च भागवायला लोकांना वर्गणी काढावी लागली. ज्यांनी आयुष्यभर फड गाजवला, ज्यांच्यावर लोकांनी दौलतजादा केली, त्यांची ही अखेर. मैफलीतले दारिद्र्य शोधायला आफ्रिकेपर्यंत जावे लागत नाही, पडदा थोडा बाजूला केला की पुरते.

आणि पडद्याबाहेरही. पावलोपावली भाकरी आणि पाणी असा ज्या माळव्याचा लौकिक, त्यातल्या या उज्जैनात बिनोद मिलचा भोंगा नव्वदच्या दशकात थांबला. आपल्यापैकी कित्येकांचे वडील-काका त्या मिलच्या कचेरीत होते, तेव्हा त्या भोंग्यावर घरातली घड्याळे लावली जात. कामगारांना आपली देणी मिळवायला दोन दशकांहून अधिक काळ झगडावे लागले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, वाट पाहता पाहता किती तरी कामगार वारले. त्या काळात मिलच्या माणसांनीही सह्यांची निवेदने फिरवली होती. ती निवेदने कोणा मैफलीच्या मध्यंतरात आली नाहीत, कारण त्यांना आत घ्यायला कोणी नव्हते. आणि आली असती तरी आपण सही केली असती का याची आम्हाला खात्री वाटत नाही. मिलच्या माणसाच्या निवेदनावर सही केली तर उद्या तो दाराशी उभा राहील, आपल्याला ओळखील, पुढचे काही विचारील. जगाच्या दारिद्र्यावर सही केली तर फक्त आभाराचा संदेश येतो.

पूर्वी आपल्या घरांतून वार लावून जेवणारे विद्यार्थी असत. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. त्या पद्धतीचे गोडवे गाणारे लेख या पत्रिकेत अनेकदा आले आहेत, आणि तो विद्यार्थी बहुधा आपल्याच जातीचा असे हे त्यांतल्या बहुतेकांनी लिहिलेले नाही. पण जे होते त्यात एक चोख व्यवहार होता. घरातल्या बाईला त्या दिवशी एक भाकरी जास्त थापावी लागे. मुलगा समोर बसून जेवे, त्याचे नाव, गाव, इयत्ता घराला ठाऊक असे, आणि तो नापास झाला तर घर त्याला जाब विचारी. पाठिंबा या शब्दाचा अर्थ आम्ही असा समजतो. त्याला मागणीही लागते, समोर माणूसही लागतो आणि घरातले काही कमीही व्हावे लागते.

म्हणून वार्षिक सभेत आम्ही ठरावाला उपसूचना देणार आहोत. प्रवेशबंदी नको. जी संघटना येऊ इच्छिते तिने कार्यक्रमाच्या आधी दाराशी टेबल मांडावे, आपण नेमके काय मागतो हे मराठीत वा हिंदीत कागदावर लिहून लावावे, दूरध्वनी क्रमांक घेऊ नयेत, आणि वर्षभराने याच व्यासपीठावर येऊन पाच मिनिटांत हिशेब सांगावा. ज्यांना हे जमणार नाही ते आपोआप येणार नाहीत. ज्यांना जमेल त्यांना चहा आम्ही देऊ. मध्यंतरात आरतीचे ताट फिरावे, आणि त्यात जे जमेल ते साथीदार कलावंत आणि त्या रात्री राबणारी माणसे यांच्यासाठी वेगळ्या खात्यात जावे. मैफलीचा जमाखर्च, मुख्य कलावंतापासून सतरंजीवाल्यापर्यंत कोणाला किती दिले या तपशिलासह, या पत्रिकेच्या पुढील अंकात छापावा. किमान वेतनाहून कमी रक्कम कोणाला मिळाली असेल तर फरक कार्यकारिणीने भरून द्यावा, आणि चहा देणारा मुलगा शाळेत जातो का याची चौकशी चिटणीसांनी स्वतः जाऊन करावी.

ताट फिरवण्याच्या कलमाला काही सभासदांचा विरोध आहे असे आमच्या कानावर आले आहे. तिकीट काढून आलेल्या रसिकासमोर ताट धरणे हे अशिष्ट दिसेल, असे त्यांचे म्हणणे. पांढऱ्या सदऱ्यातल्या मुलीपुढे पॅडवर सही करताना त्यांना अशिष्ट काही वाटले नव्हते. ताटातले कलम गाळून उपसूचना मांडण्याची तडजोड आम्हाला सुचवण्यात आली, ती आम्ही नाकारली आहे.

उपसूचनेचा मसुदा चिटणीसांकडे दिला आहे. नियमाप्रमाणे त्यावर सूचक आणि अनुमोदक अशा दोन सह्या लागतात. सूचकाच्या जागी आमची सही आहे. अनुमोदकाची जागा हा मजकूर छापायला जाईपर्यंत रिकामी होती.